संभाजीनगरात वन बीएचके भाड्यानं: ज्योतीनगरचा फ्लॅट की उल्कानगरीतला बंगल्याचा वरचा मजला?

मांजराकाठ

राम राम मंडळी. लातूरहून छत्रपती संभाजीनगरला यायचंय, दोघंच आहोत. एकाचं ऑफिस जालना रोडला उच्च न्यायालयाच्या खंडपीठाजवळ, दुसऱ्याचं शेंद्र्याच्या एमआयडीसीत. भाग चांगला हवा म्हणून ज्योतीनगर, उल्कानगरी, समर्थनगर एवढंच बघायलोत. दोन जागा हाताशी आहेत.

पहिली, उल्कानगरीत बंगल्याचा वरचा मजला. भाडं १४,०००, अनामत ४०,०००. मालक खालीच राहतात, जिना बाहेरून वेगळा. लाइटचं मीटर एकच, वरच्यासाठी सबमीटर लावलंय.

दुसरी, ज्योतीनगरात जुनं अपार्टमेंट, १२ फ्लॅट, आपला चौथा म्हणजे शेवटचा मजला. भाडं १६,०००, अनामत ५०,०००, मेंटेनन्स १,२०० वेगळा. मालक पुण्यात. एजंट दोन्हीकडं एकेका महिन्याचं भाडं दलाली मागायलाय आणि म्हणतोय, ५०० च्या बाँडवर नोटरी करून टाकू, अकरा महिन्यांचं कुणी रजिस्टर करत नाही.

पाणी, लाइट, करार यांत नेमकं काय बघावं? एवढं भाडं देऊन पुन्हा टँकरच्या मागं पळायचं नाही.

---

नहरवाला

लातूरच्या माणसाला पाण्याचं काय सांगावं, २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं गाव ते. पण इथला हिशेब जरा वेगळा आहे. इथलं पाणी पैठणच्या नाथसागरातून उपसून येतं, नळाला रोज येत नाही, आणि कुठल्या गल्लीला किती दिवसांआड सुटतं ते भागागणिक बदलतं. भाग पॉश आहे म्हणून नळाला जास्त पाणी येतं असं काही नाही. पॉश भागात टँकर मागवायला लोक कुरकुर करत नाहीत, एवढाच फरक.

म्हणून मालकाला 'पाणी आहे ना?' असं विचारूच नका. उत्तर 'भरपूर' असंच येतं. 'हौद केवढा आहे, झाकण उघडून दाखवा' म्हणा.

हौद मोजायला काही लागत नाही. लांबी, रुंदी, खोली फुटांत घ्या, गुणाकार करा आणि त्याला २८.३ नं गुणा, लिटर निघतात. समजा १० बाय ८ चा हौद आणि ६ फूट पाणी धरतो. ४८० घनफूट, म्हणजे साधारण १३,५०० लिटर. आता १२ फ्लॅट, घरटी तीन माणसं धरली आणि माणशी १३५ लिटर हे शहरी पाणीपुरवठ्याचं नेहमीचं मोजमाप लावलं, तर इमारतीला दिवसाला ४,८६० लिटर लागतात. म्हणजे भरलेला हौद तीन दिवसही पुरत नाही. मधले दिवस बोअर आणि टँकर. ५,००० लिटरचा टँकर म्हणजे त्या इमारतीचा एक दिवस, हे डोक्यात ठेवलं की पुढचे प्रश्न आपोआप सुचतात.

सेक्रेटरीकडं दोन गोष्टी मागा. गेल्या एप्रिल-मेमध्ये किती टँकर आले त्याचा हिशेब, आणि टँकरचा खर्च त्या १,२०० मध्ये धरलाय की वेगळा. वेगळा असेल तर वाटणी कशी, सगळ्या फ्लॅटना सारखी की माणसांवर? सारखी असेल तर तुम्ही दोघं वरच्या मजल्यावर राहून सहा माणसांच्या थ्री बीएचकेचं पाणी भरणार. भांडायचं तर जागा घेण्याआधी भांडा, नंतर कुणी ऐकत नाही.

बोअरचं वेगळं बघा. आपल्याकडं खाली काळा पाषाण, बोअरचं पाणी बहुतेक जड. बाथरूमच्या शॉवरची जाळी आणि नळाच्या तोंडाची जाळी निरखा, पांढरा चुन्यासारखा थर बसला असेल तर गिझरची कॉइलसुद्धा तशीच असणार. टीडीएसचा, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा पेन दोनतीनशे रुपयांत मिळतो, खिशात टाकून न्या. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात ५०० पर्यंत चांगलं, दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतात. पेनवर आकडा १,००० च्या वर गेला तर आरओशिवाय स्वयंपाकघर चालत नाही, आणि आरओ जेवढं पाणी देतो त्याहून जास्त मोरीत सोडतो, तेही मोजा. शिवाय स्वयंपाकघरात दोन नळ आहेत का, एक मनपाचा आणि एक बोअरचा, ते बघा. जुन्या इमारतींत दोन्ही पाणी एकाच टाकीत मिसळतात, मग 'मनपाचं गोड पाणी' हे फक्त जाहिरातीत उरतं.

बंगल्याच्या वरच्या मजल्याचं दुखणं आणखी निराळं. हौद खाली, मोटार खाली, मोटारीचं बटण मालकांच्या स्वयंपाकघरात. ते चार दिवस गावाला गेले की तुमची टाकी कोण भरणार? गच्चीवर तुमची वेगळी टाकी आहे का? दोघांना दिवसाला २७० लिटर धरले तर १,००० लिटरची टाकी साडेतीन दिवस जाते, ५०० ची दोन दिवसही नाही. मोटारीचं बटण जिन्यात किंवा वर काढून मिळतं का ते आत्ताच विचारा, दीडदोन हजारांचं काम आहे.

आणि दोन्ही जागा गच्चीच्या लगेच खाली. टाकीचा तळ शॉवरपेक्षा दोनच मीटर उंच असेल तर पाण्याचा दाब ०.२ बार. एवढ्या दाबाला इन्स्टंट गिझर आणि शॉवर दोन्ही रडतात. साठवणीचा १५ लिटरचा गिझर चालतो. गॅस गिझर बाथरूमच्या आत लावलेला दिसला तर तो काढून बाहेरच्या भिंतीला बसवायला सांगा, बंद मोरीत त्याचा धूर जिवावर बेततो.

---

दस्तघर

मांजराकाठ, एजंटचं 'कुणी रजिस्टर करत नाही' हे अर्धं खरं आहे. कुणी करत नाही हे खरं, करायची गरज नाही हे खोटं.

हे अकरा महिन्यांचं खूळ नोंदणी कायद्यातून आलंय. तिथं एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, म्हणून लोक अकरावर थांबतात. पण महाराष्ट्रात महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ आहे आणि त्याचं कलम ५५ म्हणतं की लिव्ह अँड लायसन्स (भाडेकरूचे हक्क न देता ठराविक मुदतीसाठी राहायचा परवाना) असो की भाडेपट्टा, करार लेखी हवा आणि नोंदलेलाच हवा. मुदत कितीही असो. नोंदवायची जबाबदारी मालकाची. नाही केला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि मालकांना खरं झोंबावं असं पुढचं वाक्य: नोंदलेला करार नसेल तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. हे मालकाला नीट सांगितलं की नोटरीचा हट्ट बहुधा सुटतो.

खर्च किती ते बघा. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्का. कशावर? पूर्ण मुदतीचं भाडं, अधिक परत न मिळणारी काही रक्कम असेल तर ती, अधिक परत मिळणाऱ्या अनामतीवर वर्षाला १० टक्के दरानं धरलेलं व्याज. तुमचा ज्योतीनगरचा फ्लॅट घेऊ. ११ महिन्यांचं भाडं १,७६,०००. ५०,००० वर ११ महिन्यांचं व्याज ४,५८३. बेरीज १,८०,५८३, त्याचा पाव टक्का साडेचारशेच्या आसपास, तो वर गोल होतो. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,०००. त्यावर दस्त हाताळणी शुल्क आणि घरी येऊन अंगठे घेणाऱ्याची फी. एजंटची दलाली १६,००० आणि हे वाचवायला निघाला तो!

त्यातही ३६ महिन्यांचा करार दरवर्षी ५ टक्के वाढीनं केला तर भाड्याची बेरीज ६,०५,२८०, अनामतीवरचं व्याज १५,०००, मुद्रांक सुमारे १,५५०. नोंदणीचे १,००० एकदाच. अकरा-अकरा महिन्यांचे तीन केले तर १,००० तीनदा, अंगठ्याचा माणूस तीनदा, आणि दर वेळी 'आता १० टक्के वाढवतो' हे ऐकायची तयारी. लिव्ह अँड लायसन्स ६० महिन्यांपर्यंत करता येतो.

मालक पुण्यात असले तरी अडत नाही. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या पोर्टलवर ई-रजिस्ट्रेशन होतं, त्यात मालक पुण्यात बसून अंगठा देतील, तुम्ही इथं द्याल. क्रम असा: मालमत्तेची माहिती, दोन्ही पक्षांची माहिती, भाडं-अनामत-मुदत भरायची, मसुदा वाचायचा, शुल्क 'ग्रास' या सरकारी भरणा पोर्टलवर ऑनलाइन भरायचं, मग आधारशी जोडलेला अंगठा आणि वेबकॅमवर फोटो, दोन ओळख देणारे. त्यानंतर दस्त दुय्यम निबंधकाकडं जातो, तो तपासून मंजूर करतो की पीडीएफ उतरवून घ्यायची. इंडेक्स-२ (नोंदलेल्या दस्ताचा सरकारी उतारा) सकट.

अडतं कुठं तेही सांगतो. वयस्कर मालकांचे अंगठे जुळत नाहीत, बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. दहा बोटं आलटून-पालटून बघायची, कोमट पाण्यानं हात धुऊन पुसून पुन्हा. दुसरं, आधारवर 'सौ.' नावाचं एक रूप, इंडेक्स-२ वर माहेरचं दुसरं. तिसरं, मिळकतीचा क्रमांक. आपल्याकडं पत्ता 'अमुक अपार्टमेंट, ज्योतीनगर' असा सांगतात, दस्तात गट नंबर किंवा सीटीएस नंबर आणि प्लॉट नंबर लागतो. तो मनपाच्या मालमत्ता कराच्या पावतीवरून आणि मालकांच्या खरेदीखताच्या इंडेक्स-२ वरून घ्या, एजंटच्या तोंडून घेऊ नका. जुन्या कागदांवर जिल्हा औरंगाबाद असेल, त्याची काळजी नको.

त्याच निमित्तानं मालक खरा कोण तेही कळतं. इंडेक्स-२ वर नाव वेगळं आणि भाडं मागणारा वेगळा असेल तर कुलमुखत्यारपत्र बघितल्याशिवाय टोकनचा एक रुपयाही देऊ नका. 'मी सैन्यात आहे, बाहेरगावी पोस्टिंग आहे, क्यूआर स्कॅन करा म्हणजे गेटपास निघतो' असं कुणी म्हणालं तर फोनच ठेवा. पैसे घ्यायला क्यूआर स्कॅन करावा लागत नाही, द्यायलाच लागतो.

---

तारजोड

पाणी झालं, करार झाला. लाइटचं मी सांगतो.

सबमीटर असलेली जागा घेताना एक गोष्ट लोक विसरतात. महावितरणचा घरगुती दर टप्प्यांचा असतो: १०० युनिटपर्यंत एक, १०१ ते ३०० दुसरा, ३०१ ते ५०० तिसरा, त्याच्या वर चौथा. तुम्ही दोघं महिन्याला १५० युनिट वापरणार. खाली मालकांचं कुटुंब ३५०. वेगळं मीटर असतं तर तुमची फक्त ५० युनिटं दुसऱ्या टप्प्यात जातात. एकच मीटर असल्यामुळं बिल ५०० युनिटचं येतं. मग मालक 'एकूण बिल भागिले एकूण युनिट' असा सरासरी दर काढतात, वरवर तो न्यायाचा दिसतो, पण त्यात त्यांच्या एसीचा वरचा टप्पा तुम्ही भरता. उन्हाळ्यात तर जास्तच.

यावर दोन उपाय. चांगला उपाय म्हणजे वरच्या मजल्याला मालकांच्याच नावानं वेगळं मीटर. स्वयंपाकघर आणि जिना वेगळा असेल तर मालकांनी अर्ज करून बघायला हरकत नाही. ते होत नसेल तर करारात लिहा की सबमीटरच्या युनिटचा आकार तेवढ्याच युनिटच्या स्वतंत्र घरगुती बिलाप्रमाणं धरायचा. नुसतं 'सबमीटरप्रमाणे' लिहिलं की दर महिन्याला कुरबुर ठरलेली. सबमीटर फिरतं की पळतं तेही बघा: सगळे दिवे-पंखे बंद करून मीटर थांबतं का? थांबत नसेल तर जिन्याचा दिवा नाही तर मोटार तुमच्यावर जोडलेली आहे.

ज्योतीनगरच्या फ्लॅटचा १२ अंकी ग्राहक क्रमांक मागून महावितरणच्या साइटवर बिल काढा. थकबाकी कळते, आणि मागच्या महिन्यांची युनिटं कळतात. मागच्या भाडेकरूची मे महिन्यातली युनिटं बघितली की घर तापतं की नाही ते न विचारता समजतं. मंजूर भारही तिथंच लिहिलेला असतो. एक किलोवॉट असेल आणि तुम्ही दीड टनाचा एसी, गिझर लावणार असाल तर भार वाढवून घ्यायला मालकांना आत्ताच सांगा.

बोर्ड उघडून बघायला लाजू नका. एसी आणि गिझरला १६ अँपिअरचा पॉइंट आणि स्वतःचा एमसीबी (जादा भार आला की आपोआप पडणारा स्विच) हवा. नव्वदच्या दशकातल्या इमारतींत हॉलच्या एकाच वायरवरून सगळं काढलेलं असतं, एसी सुरू केला की पंखा मंदावतो. प्लगचं वरचं मोठं छिद्र अर्थिंगचं, टेस्टरनं तिथं दिवा लागला तर त्या घरात फ्रिजलाही हात लावायचा नाही.

आणि शेवटच्या मजल्याचं ऊन! मे महिन्यात आपल्याकडं पारा चाळीसच्या वर. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री दोनपर्यंत घरात ओकतो. जागा सकाळी दहाला बघून होकार देणारे याच कारणानं जूनमध्ये जागा बदलतात. संध्याकाळी सहाला जा आणि बेडरूमच्या पश्चिमेच्या भिंतीला तळहात लावा. हात ठेववत नसेल तर तिथं पलंग लावू नका. गच्चीवर चढून चायना मोझॅक किंवा पांढरा उष्णतारोधक रंग आहे का ते बघा. नसेल तर तो रंग मालकांकडून मारून घ्या, सोसायटीची परवानगी लागते पण खर्च फार नाही.

कूलर लावू असं म्हणत असाल तर नहरवाल्यांचा हिशेब पुन्हा उघडा. मोठा कूलर भर उन्हाळ्यात दिवसभर चालला तर शंभर लिटरच्या आसपास पाणी पितो. म्हणजे घरात जवळजवळ आणखी एक माणूस. आणि जड पाण्यानं त्याच्या जाळ्या दोन महिन्यांत दगड होतात.

---

कॅनॉटकर

शेंद्र्याला रोज जाणारं माणूस घरात असताना उल्कानगरी कामून बघताय? जालना रोडवर चढायलाच सकाळचा वेळ जाईल. सिडको एन-१, एन-३, एन-४ बघा. तेही बंगल्यांचे आणि शांत भाग आहेत, जालना रोड लगेच, आणि खंडपीठही लांब नाही. एन-५ ला कॅनॉट प्लेस, खाण्यापिण्याची चंगळ, पण रात्री गाड्या लावायला जागा नाही. वाळूजला जाणारे असते तर वेदांतनगर सुचवलं असतं.

वन बीएचके अशा भागांत कमीच असतात, कारण प्लॉट मोठे. त्यामुळं जे मिळतं ते तीन प्रकारचं: बंगल्याचा वरचा मजला, नव्वदच्या दशकातलं जुनं अपार्टमेंट, नाही तर टू बीएचकेची एक खोली मालकांनी कुलूप लावून ठेवलेली. तिसऱ्या प्रकारच्या नादी लागू नका. त्या बंद खोलीतलं सामान बघायला मालक कधीही येतात.

---

मांजराकाठ

लई उपयोगाचं सांगितलंत सगळ्यांनी. एन-४ ला एक जागा बघायला जाणारच आहोत. पण ज्योतीनगरचे मालक आज फोनवर नोंदणीला तयार झाले. त्यांचा मसुदा आलाय. त्यात तीन गोष्टी खटकल्या. लॉक-इन, म्हणजे जागा सोडता न येण्याची मुदत, ११ महिने, 'जागा सोडताना रंगासाठी एक महिन्याचं भाडं अनामतीतून वजा', आणि सोसायटीचा सेक्रेटरी म्हणतोय की भाडेकरू ठेवायचा तर महिन्याला ५०० जास्त आणि कमिटीची एनओसी. शिवाय मालकांना भाडं निम्मं बँकेत, निम्मं रोख पाहिजे. दस्तात ८,००० दाखवू म्हणतात. एजंट म्हणतो तुमचाही मुद्रांक वाचतो की!

---

दस्तघर

शेवटचं आधी. पाव टक्क्याचा मुद्रांक, त्यात ८,००० कमी दाखवून ११ महिन्यांत वाचतात दोनशेवीस रुपये. त्याच १९९९ च्या भाडे कायद्याच्या कलम २४ प्रमाणं लेखी लायसन्स करारात जे लिहिलंय तोच त्या गोष्टींचा निर्णायक पुरावा मानतात. म्हणजे उद्या वाद झाला तर तुम्ही रोख दिलेले ८,००० कुठंच नाहीत. जुनी करप्रणाली निवडून एचआरए (घरभाडे भत्त्यावरची करसवलत) घेत असाल तर तोही निम्म्यावरच. वर्षाचं भाडं १ लाखाच्या वर गेलं की नोकरदाराला मालकाचा पॅन कंपनीत द्यावा लागतो. पॅन द्यायला लागू नये म्हणूनच निम्मं रोख मागत असणार. आत्ताच स्पष्ट विचारा, मार्चमध्ये विचाराल तर फोन उचलणार नाहीत.

लॉक-इन ११ ऐवजी ६ महिने करून घ्या, नंतर दोन्ही बाजूंना एक महिन्याची नोटीस. आणि लॉक-इनला एक ओळ जोडा: नोकरीतली बदली झाली तर लेखी पुरावा देऊन एक महिन्याच्या नोटिशीनं सोडता येईल. लॉक-इन मालकावरही बंधनकारक आहे हेही लिहिलेलं असू द्या, बऱ्याच मसुद्यांत ते फक्त भाडेकरूला बांधतं. मुदत संपल्यावर मात्र एक दिवसही रेंगाळू नका, त्याच कलम २४ मध्ये लायसन्स फीच्या दुप्पट दरानं नुकसानभरपाई आहे.

रंगाचं वाक्य खोडून असं टाका: 'नैसर्गिक झीज सोडून झालेलं नुकसान दुरुस्तीच्या पावतीप्रमाणे वजा होईल.' ते ऐकत नसतील तर निदान आज रंग ताजा आहे का ते बघा. तीन वर्षांचा जुना रंग घेऊन नव्या रंगाचे पैसे द्यायचे हा कुठला न्याय?

सोसायटीचं बघा. ती नोंदणीकृत सहकारी गृहनिर्माण संस्था असेल तर सभासदानं फ्लॅट भाड्यानं दिल्यावर लावायचं बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही, आणि सेवाशुल्कात मनपाचे कर धरायचे नाहीत. १ ऑगस्ट २००१ चा शासन निर्णय आहे तसा. १,२०० सगळं सेवाशुल्क धरलं तरी १२० होतात. आणि ते मालकानं भरायचं असतं, तुम्ही नाही. बाकी इथली बरीच अपार्टमेंट सहकारी संस्था नसून अपार्टमेंट कायद्याखालच्या असोसिएशन आहेत, तिथं घोषणापत्र आणि त्यांचे उपविधी बघावे लागतात. म्हणून पावतीवर नोंदणी क्रमांक आणि नाव काय छापलंय ते आधी वाचा.

---

तारजोड

दस्तघर, ३६ महिन्यांचं तुमचं गणित बरोबर, पण अनोळखी मालक आणि अनोळखी इमारत असताना पहिलाच करार तीन वर्षांचा कशाला? एक उन्हाळा काढल्याशिवाय घर कळत नाही.

---

दस्तघर

लॉक-इन सहा महिन्यांचंच असेल तर ३६ चा करार तुम्हाला बांधत नाही, मालकाची भाडेवाढ बांधतो. एक महिन्याची नोटीस दिली की मोकळे. म्हणून मुदत लांब आणि लॉक-इन आखूड.

---

नहरवाला

पाण्याची ओळही करारात घ्या, मसुद्यात हमखास नसते. त्याच भाडे कायद्याच्या कलम २९ नं मालकाला भाडेकरूचं पाणी-लाइट तोडता येत नाही, पण लिव्ह अँड लायसन्समध्ये तुम्ही परवानाधारक, तिथं वकिलांना वाद घालायला जागा मिळते. त्यापेक्षा सरळ लिहा: मनपा आणि बोअरचं पाणी मालक पुरवतील, टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये धरला आहे किंवा महिन्याला इतक्या रकमेपर्यंत भाडेकरू, त्यावर मालक, मोटार जळाली तर दुरुस्ती मालकाची. उन्हाळ्यात बोअर आटला आणि मोटार कोरडी चालून जळाली हे दर वर्षी कुठल्या ना कुठल्या इमारतीत होतंच, तेव्हा बिल कुणाचं यावरून महिना जातो.

---

काळी_माती

ताबा घेताना काय करायचं ते कुणी लिहिलं नाही म्हणून.

अनामत आणि पहिलं भाडं बँकेतूनच द्या आणि व्यवहार क्रमांक दस्तात लिहा. आदर्श भाडेकरू कायदा म्हणून जे दोन महिन्यांच्या अनामतीचं वाचायला मिळतं ते केंद्रानं २०२१ मध्ये राज्यांना सुचवलेलं आहे, महाराष्ट्रात १९९९ चाच कायदा चालतो आणि त्यात अनामतीला तशी मर्यादा नाही. त्यामुळं तीन महिन्यांचे ५०,००० मागतात त्यावर कायदा दाखवून उपयोग नाही, घासाघीसच करावी लागते.

किल्ल्या घेण्याआधी रिकाम्या घराचा सलग व्हिडिओ काढा, नळ उघडून, फ्लश ओढून, प्रत्येक बटण दाबून. मोरीच्या खालच्या फ्लॅटवाल्यांना छत दाखवायला सांगा. तिथं ओल असेल तर ती तुमच्या बाथरूममधून येतेय आणि पहिल्याच महिन्यात फोडाफोडी होणार. स्वतःच्या छताला पिवळे गोल डाग असतील तर ते मागच्या पावसाचे, वरून रंग मारला तरी कडा दिसतात. वस्तूंची यादी दस्ताला जोडा: पंखे किती, ट्यूब किती, गिझर कुठल्या कंपनीचा, किल्ल्या किती. मीटरचं रीडिंग फोटोसकट मालकांना व्हॉट्सअॅपवर त्याच दिवशी.

कुलपाचा सिलिंडर स्वतःचा बसवा. जुना जपून ठेवा, सोडताना परत लावून द्यायचा.

पोलिसांकडं भाडेकरूची माहिती द्यायचं काम मालकाचं, महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर ऑनलाइन होतं. पण मालक पुण्यात, विसरणार. फॉर्म तुम्हीच भरायला बसा आणि त्यांच्याकडून तपासून घ्या. आयुक्तालयाचा आदेश लागू असताना माहिती दिली नसेल तर गुन्हा मालकावर येतो, हे सांगितलं की ते पटकन ऐकतात.

गॅस लातूरच्या एजन्सीकडं असेल तर तिथं सिलिंडर आणि रेग्युलेटर जमा करून टर्मिनेशन व्हाउचर घ्या, इथल्या त्याच कंपनीच्या एजन्सीकडं ते दाखवून अनामत भरली की नवीन जोडणी. नवा पत्ता म्हणून नोंदलेला करार चालतो, नोटरीच्या कागदावर एजन्सीवाले कुरकुरतात.

---

मांजराकाठ

आज संध्याकाळी सहाला ज्योतीनगरला जाऊन आलो. बेडरूमची भिंत पश्चिमेचीच निघाली, हात ठेवला की चटका. हौद ८ बाय ८, पाणी ५ फूट. गच्चीवर काहीच केलेलं नाही. बिलाच्या साइटवर मे महिन्यात ३४० युनिटं दिसली. टँकर वेगळा, सगळ्या फ्लॅटना सारखा.

---

नहरवाला

८ गुणिले ८ गुणिले ५ म्हणजे ३२० घनफूट, ९,००० लिटर. बारा फ्लॅटना दोन दिवसही नाही. १६,००० मध्ये टँकर मालकांकडं जात असेल तरच बोला, नाही तर एन-४ ची जागा बघून घ्या. तिथंही आधी झाकण उघडायला लावा.

---

तारजोड

३४० युनिटं म्हणजे मागचा भाडेकरू रात्रभर एसीवर होता. गच्चीचा रंग आणि १,००० रुपये कमी, दोन्ही मागा. एप्रिलच्या आत रंग मारला नाही तर भाड्यातून वजा, असं दस्तातच लिहून घ्या. तोंडी म्हणाले तर समजा तो रंग कधीच लागणार नाही.